येळवंडे सरांची सही

येळवंडे सरांबरोबर कुणाच्या लग्नाला जाऊ नये, असं आमच्या ऑफिसात न बोलताच ठरून गेलं होतं. कारण साधं होतं, जेवायला मिळायचं नाही. वाकडला आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीचं लग्न होतं. आम्ही सगळे नटूनथटून गेलो, अक्षता पडल्या, लोक जेवणाकडे वळले आणि सर गायब. शोधत गेले तर हे गृहस्थ स्टेजच्या मागं. तिथं एक दार होतं आणि डेकोरेशनवाल्यानं त्याच्यापुढं सोफे, थर्माकोलचे खांब, प्लास्टिकच्या फुलांची पोती असं सगळं रचून ठेवलेलं. सर हॉलच्या मॅनेजरला शांतपणे सांगत होते की हे हलवल्याशिवाय मी जेवणार नाही आणि माझ्याबरोबरचं कुणी जेवणार नाही. माझ्याबरोबरचं म्हणजे आम्ही. मॅनेजरनं हात जोडले, नवऱ्या मुलाच्या मामानं आवाज चढवला, मी लाजेनं अर्धमेली झाले. शेवटी चार वाढपी लावून ते सगळं हलवलं. सर त्या दारातून बाहेर गेले, भांडी घासायच्या जागेला वळसा घालून रस्त्यापर्यंत जाऊन आले आणि मगच हात धुवायला गेले. तोवर बासुंदी संपली होती. ती बासुंदी मी अजून विसरलेले नाही.

वर त्यांचं ठरलेलं वाक्य असायचं, "आत यायची वाट मालक दाखवतो, स्मिताबाई. भाईर जायची आपली आपण हुडकायची."

सिनेमागृह, हॉटेल, दवाखाना, कुठंही गेले तरी आधी दुसरं दार. आम्हाला वाटायचं, वय झालं की माणसाला एकेक खूळ लागतं, तसंच हे. मी तर त्यांच्या तोंडावर म्हणायची, की सर, स्वर्गात गेलात तरी आधी मागचं दार बघाल. ते हसायचे. त्या हसण्यात पाणी कुठं मुरत होतं, ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

आम्ही आर्किटेक्ट लोक इमारत कशी असेल ते काढतो. ती उभी राहील की नाही ते स्ट्रक्चरल इंजिनिअर सांगतो, आणि त्याची सही असल्याशिवाय महापालिका एक वीट लावू देत नाही. निवृत्ती येळवंडे हे आमचे ते सही करणारे. साठी उलटलेली, अंगानं काटक, पांढरा हाफ शर्ट, खिशात एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल. मूळचे चाकणजवळच्या एका गावचे. घरची जमीन कंपन्यांमध्ये गेली, भाऊबंद टेंपो, लेबर आणि भंगाराच्या धंद्यात शिरले, हे एकटे शिकले. ऑफिसात आमच्यासारखंच बोलायचे, पण चिडले की गाव बाहेर यायचं. 'नाही'चं 'न्हाई' झालं की आम्ही लॅपटॉप मिटून चहाला जायचो, कारण आता चर्चेला काही अर्थ नाही हे ठरलेलं.

आणि सही करायची त्यांची तऱ्हा तर काय सांगू. नकाशा तीनदा वाचायचे. मग उठून बेसिनपाशी जाऊन साबणानं हात धुवायचे, रुमालानं कोरडे करायचे आणि मग इवलीशी सही. तिच्याखाली तारीख आणि घड्याळात बघून वेळसुद्धा. मी एकदा विचारलं, की देवाची पूजा आहे का ही? तर म्हणाले, पूजा चुकली तर देव सांभाळून घेतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे ते काम आलं. चिंचवडमध्ये एक रंगाची कंपनी होती. त्याच्या पाच वर्षं आधी तिथं भरदुपारी स्फोट झाला, आग लागली. कंपनी तर गेलीच, पण मागच्या वस्तीतल्या दोन गल्ल्याही जमीनदोस्त झाल्या. आतल्या शेडमधली माणसं मागच्या गेटकडे पळाली. गेटला कुलूप होतं. नंतर ती सगळी तिथंच सापडली, एकमेकांवर. ह्याहून जास्त मी लिहीत नाही, लिहवत नाही.

त्या जागेवर आता दोन टॉवर उभे राहायचे होते, पंचेचाळीस पंचेचाळीस मजल्यांचे. एक विकायचा, दुसऱ्यात वस्तीतल्या कुटुंबांचं पुनर्वसन. पंधराव्या आणि तिसाव्या मजल्यावर दोन्ही टॉवर जोडणारे दोन पूल. आणि खाली, मध्ये, गेलेल्यांचं स्मारक. पुलांची कल्पना येळवंडे सरांची. एका टॉवरला आग लागली तर माणसं दुसऱ्यात जातील, इतका सरळ हिशेब. आमचे बॉस भागवत सर त्या कल्पनेवर खूश होते, कारण चित्रात ते पूल फार देखणे दिसायचे. बिल्डर, ज्यांना सगळे शेठ म्हणायचे, तेही खूश होते, पण त्यांचा बेत वेगळा. त्यांना पुलावर काचेचं स्काय लाउंज हवं होतं, अरुंद, झकपक, आणि विकलेल्या फ्लॅटवाल्यांच्याच कार्डानं उघडणारं. दुसऱ्या टॉवरकडच्या दाराला कुलूप. उगाच वस्तीतली पोरंटोरं इकडं नकोत, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

सरांचं 'न्हाई' तिथंच आलं. पण नुसतं न्हाई म्हणून ऐकणारे ते शेठ नव्हते. मग सरांनी काय करावं? एका सकाळी त्यांनी आख्ख्या ऑफिसला साइटवर बोलावलं. स्कूटरच्या डिकीत त्यांच्या कायम फक्कीची पिशवी असायची, पाया आखायला जमिनीवर टाकतात ती पांढरी पूड. तिनं त्यांनी मोकळ्या जमिनीवर शेठच्या मापाचा पूल आखला, खराखुरा, पूर्ण लांबीरुंदीचा. भागवत सरांना चालता न येणारा म्हातारा म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. भागवत सर म्हणजे नव्वद किलो ऐवज. ती खुर्ची चौघांनी उचलून एका टोकानं न्यायची आणि बाकीच्यांनी समोरून पळत यायचं, पांढऱ्या रेघेबाहेर पाय टाकायचा नाही. जो टाकेल तो पंधराव्या मजल्यावरून खाली गेला असं धरायचं. पहिल्याच खेपेला खुर्ची आणि आम्ही मधोमध आदळलो. भागवत सर धुळीत, माझी चप्पल तुटलेली, तिघं रेघेबाहेर. शेठ सावलीत उभे राहून हसत होते. सर हसले नाहीत. त्यांनी रेघ पुसली, फूटभर बाहेर सरकवून परत आखली, परत पळा म्हणाले. असं पाच वेळा. पाचव्या खेपेला कुणी धडकलं नाही. तेव्हा त्यांनी टेप लावून माप घेतलं, नकाशावर लाल पेन्सिलीनं लिहिलं आणि शेठला म्हणाले, की पूल एवढा होईल, आणि दाराला कुलूप नसेल. शेठनं रुंदी कबूल केली. कुलपाचं नंतर बघू म्हणाले.

त्या दिवशी एक गोष्ट माझ्या नजरेला आली होती. मागचं गेट अजून तिथं उभं होतं, वाकलेलं, काळं पडलेलं. सगळी साइट पायाखाली घालणारे सर तिकडं एकदाही गेले नाहीत. मला वाटलं, भावना असतील.

स्मारकाची बैठक साइटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये भरायची. भागवत सरांनी काळ्या ग्रॅनाइटची भिंत आणि तिच्यावरून वाहणारं पाणी असं काहीतरी काढलं होतं. नातेवाइकांना त्यात रस नव्हता. त्यांना गेट जागेवर राहायला हवं होतं आणि शेजारी नावं. इथवर सगळ्यांचं एकमत. भांडण होतं ते एका नावाचं.

रशीद मुल्ला, कंपनीचा पहारेकरी. चौकशीत मॅनेजरनं लिहून दिलं होतं, की मागच्या गेटची किल्ली पहारेकऱ्याकडे असायची आणि त्यानं वेळेवर गेट उघडलं नाही. रशीदभाई त्याच आगीत गेले होते, त्यामुळं उलटतपासणीचा प्रश्नच नव्हता. मेलेल्या माणसावर ढकललं की काम भागतं. तेव्हापासून सगळ्या घरांनी एकच धरलं, ह्याच्यामुळं आमची माणसं गेली.

त्यांची बायको जमीलाभाभी दर बैठकीला यायची. चाळिशीची, शिवणकाम करणारी, आवाज खालचा. दाराजवळच्या खुर्चीत बसायची, कारण आतल्या बाजूला तिच्या शेजारी कुणी बसत नसे. दर वेळी तेच सांगायची. माझा माणूस गेटच्या बाहेरच्या बाजूला सापडला, हातात लोखंडी सळई होती. बाहेर होता, पळून गेला असता तर वाचला असता. किल्ली असती तर सळई कशाला घेतली असती? आणि दर वेळी गायकवाडमामा उठायचे. लातूरकडून आलेले, तरणाताठा मुलगा त्या गेटापाशी गेलेला. ते म्हणायचे, किल्ली हरवली असंल, नायतर पिऊन पडला असंल, ती बाई काय सांगती. एकदा तर ते म्हणाले, "त्याचं नाव लावणार असाल तर माझ्या लेकराचं काढा. एका दगडावर दोघं नको."

जमीलाभाभीनं मान खाली घातली. मला तिचा कळवळा आला आणि मामांचाही आला, आणि दोन्ही एकदम आले की माणसाला काही सुचत नाही. येळवंडे सर उठून बाहेर गेले. खिडकीतून दिसत होतं, स्कूटरच्या सीटवर दोन्ही हात टेकून उभे होते. चहा आला तेव्हा आत आले आणि जमीलाभाभीला चहाचा कप स्वतः नेऊन दिला. दर बैठकीला ते तेवढं करायचे, तिचा चहा दुसऱ्या कुणाला नेऊ द्यायचे नाहीत. मी मनात म्हटलं, किती मोठ्या मनाचा माणूस आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला, तशी मी हे ऑफिसभर सांगितलंसुद्धा.

शेवटची सुनावणी पुढच्या गुरुवारी महापालिकेत ठरली. त्या दिवशी नावांची यादी कायम होणार होती. रशीदभाईंचं नाव तिच्यात नव्हतं आणि एकदा दगडात कोरलं गेलं नाही की मग कधीच नाही.

शुक्रवारी मी जुन्या सांडपाण्याच्या लाइनी शोधत होते. खोदकामात एक चेंबर लागलं होतं आणि ते कुठं जातं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कंपनीनं जागा देताना नकाशांची जुनी बोचकी दिली होती, त्यातलं ड्रेनेजचं बोचकं मी सोडलं. धुळीनं शिंका येत होत्या, वैताग आला होता. एका नकाशाला टाचलेला एक कागद निघाला. स्फोटाच्या दोन वर्षं आधीची तारीख. कंपनीच्या मॅनेजरला दिलेला सल्ला, तीन ओळींचा. 'वारंवार होणारी भंगाराची चोरी पाहता मागील दरवाजास कायम कुलूप लावावे. किल्ली समोरच्या ऑफिसात मॅनेजरच्या ताब्यात राहावी. पहारेकऱ्याकडे देऊ नये.' खाली इवलीशी सही. तारीख. आणि वेळ, दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं.

मी तो कागद चारदा वाचला. सही ओळखायला मला चष्मा लागत नाही.

सर त्यांच्या टेबलावर पुलाची गणितं करत होते. मी कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी कागदाकडे पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. नाकारलं नाही, एवढं मी त्यांच्या बाजूनं लिहीन.

मग हळूहळू सांगितलं. भंगार चोरणारी पोरं त्यांच्याच गावची होती, आणि त्यांच्यात त्यांचा धाकटा भाऊ होता. मॅनेजरकडे नावं होती, पोलिसांत केस करायचं चाललं होतं. सर तेव्हा, आमच्याकडे यायच्या आधी, त्या कंपनीचे सल्लागार होते, हे ते आम्हाला कधी बोलले नव्हते. त्यांनी मॅनेजरचे पाय धरले, केस करू नका, मी बंदोबस्त करून देतो म्हणाले. बंदोबस्त म्हणजे कुलूप. किल्ली रशीदकडे ठेवू नका हेही त्यांनीच सांगितलं, कारण गावची पोरं त्याला दमात घेऊन किल्ली काढून घेतील. त्या गरिबाला त्रास नको, असाही एक विचार त्यात होता. "चांगल्यासाठीच केलं मी," असं म्हणाले आणि स्वतःच थांबले. मग स्फोट झाला. चौकशीत मॅनेजर रशीदचं नाव घेतोय हे त्यांनी पेपरात वाचलं. तो आपला कागद बाहेर काढील म्हणून ते रोज वाट बघत राहिले. त्यानं काढला नाही, कारण किल्ली त्याच्याच ताब्यात होती हे त्यात होतं. दोघांनीही तोंडात मिठाची गुळणी धरली.

मला भयंकर राग आला. मी विचारलं, की त्या बाईला चहा नेऊन देताना घास कसा उतरत होता तुमच्या घशाखाली? ते म्हणाले, उतरत नव्हता. मी म्हटलं, गुरुवारी तुम्ही हे सांगणार आहात की मी सांगू?

तेव्हा त्यांनी जे म्हटलं त्यावर मला आधी वाटलं, हा बहाणा आहे. मी आज बोललो तर माझी सही रद्द होईल. सही गेली की परवानगी जाईल. वस्तीतली माणसं सहा वर्षं पत्र्याच्या खोल्यांत आहेत, ती अजून तीन वर्षं तिथंच राहतील. आणि माझ्या जागी शेठ आपल्या मर्जीतला इंजिनिअर आणतील, तो पुलाला कुलूप लावून देईल. "मला बुधवारपर्यंत द्या, स्मिताबाई. पळून जाणार न्हाई."

तरी मी मुदत दिली. का दिली ते मला आजही नीट सांगता येत नाही. कागदाचा फोटो मात्र काढून ठेवला. इतकी वर्षं ज्यांच्याकडून शिकले त्यांच्या कागदाचा मी पुरावा म्हणून फोटो काढत होते, आणि ते समोर बसून मला तो काढू देत होते.

पुढचे पाच दिवस त्यांनी जे काम केलं तसं मी कुणाला करताना पाहिलेलं नाही. दोन्ही टॉवर, दोन्ही पूल, प्रत्येक खांब परत तपासला. स्वतःच्या जुन्या गणितावर लाल पेन्सिल चालवली. डबा तसाच परत जायचा. मंगळवारी सांगवीतल्या एका इंजिनिअर बाईंकडे ते सगळं घेऊन स्वतः गेले. ह्या बाईंशी त्यांचं एकेकाळी कडाक्याचं भांडण झालेलं, कारण बाईंनी भर सभेत त्यांची चूक काढली होती. सर त्यांना म्हणाले, की तुम्ही माझं चुकलेलं खपवून घेणार नाही म्हणून तुमच्याकडे आलो, हे तपासा आणि पटलं तर तुमच्या नावानं सही करा, माझं नाव कुठं राहता कामा नये. बाईंनी कारण विचारलं तर गुरुवारी कळेल म्हणाले. बाईंनी रात्रभर बसून तीन ठिकाणी चुका काढल्या, दुरुस्त करून घेतल्या आणि बुधवारी संध्याकाळी सही केली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हा बहाणा नव्हता.

गुरुवारी हॉल भरलेला. समोर अधिकारी, एका बाजूला शेठ आणि त्यांची माणसं, दुसऱ्या बाजूला गेलेल्यांच्या घरचे आणि वस्तीतले लोक. जमीलाभाभी दाराजवळ, शेजारची खुर्ची रिकामी. माझ्या पर्समधल्या फोनमध्ये तो फोटो होता आणि माझा हात सारखा पर्सवर. सरांना पुलाबद्दल बोलायला उभं केलं. ते म्हणाले, पुलाच्या कागदांवर आता माझी सही नाही, दुसऱ्यांची आहे, त्यामुळं त्याची कुणी काळजी करू नये. मला एक वेगळा कागद वाचायचा आहे.

त्यांनी तीन ओळी वाचल्या. सही, तारीख, वेळ, सगळं वाचलं. मग कागद खाली ठेवून म्हणाले, "किल्ली रशीदकडं कधीच नव्हती. कुलूप लावा म्हणून मी सांगितलं. माझ्या भावाला वाचवायला सांगितलं. त्याच्याकडं किल्ली देऊ नका, हेबी मीच लिवलं."

मागून एक जण खुर्च्यांवरून आला आणि त्यानं सरांची कॉलर धरली. दुसऱ्यानं ढकललं, चष्मा पडला. सरांनी हात वर केले नाहीत, मागं सरकलेही नाहीत. मी मध्ये पडले, अधिकारी ओरडायला लागले, आणि त्या गोंधळात जमीलाभाभी चालत पुढं आली. तिला वाट मिळाली. सहा वर्षांत पहिल्यांदा लोक तिच्यासाठी बाजूला झाले.

तिनं विचारलं, "तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?"

"व्हय."

"माझी पोरगी शाळेत कुणाची पोरगी म्हणून गेली, ते ठाऊक आहे?"

ती उत्तरासाठी थांबली नाही, परत जाऊन दाराजवळच्या खुर्चीत बसली. तेव्हा गायकवाडमामा उठले. म्हातारा माणूस काठी टेकत तिच्यापर्यंत गेला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसला. तिच्याकडे बघायची त्यांची छाती झाली नाही. समोरच्या अधिकाऱ्यांना म्हणाले, "लिहा साहेब त्याचं नाव. माझ्या लेकराच्या शेजारी लिहा."

मी तिथं सगळ्यांसमोर हमसून हमसून रडले. लाज वाटली नाही.

शेठना वाटलं असावं, येळवंडेंचा काटा निघाला, आता पुलाला कुलूप लावता येईल. पण वस्तीतल्या आणि घरच्या लोकांनी त्याच बैठकीत लिहून घेतलं, की पुलाच्या दारांना कधीही कुलूप लागणार नाही, नाहीतर आम्ही जागा सोडत नाही. कुलपाविषयी त्या लोकांशी वाद घालायला शेठचीही जीभ रेटली नाही.

सर त्याच दिवशी पोलिसांत गेले आणि जबाब दिला. लायसन्स परत केलं. केस चालू आहे, मॅनेजरलाही बोलावणं गेलंय. ज्या भावासाठी हे सगळं केलं, तो आता गावात मोठा माणूस आहे, चौकात त्याचे फ्लेक्स लागतात. त्यानं सरांना दारात उभं केलं नाही, घराण्याचं नाव घालवलं म्हणाला. हे मला दुसऱ्यांकडून कळलं. मी सरांना फोन केला नाही. चार-पाचदा नंबर काढला आणि ठेवून दिला. काय बोलणार होते? राग गेला नव्हता आणि माया आटली नव्हती. त्यांनी केलं ते वाईटच, पण आठ वर्षं मला हाताला धरून शिकवणारा माणूसही तोच होता, आणि ह्या दोन गोष्टींचा मला अजून मेळ घालता आलेला नाही.

नावं कोरली गेली तेव्हा टॉवर विसाव्या मजल्यापर्यंत आले होते आणि खालचा पूल जागेवर बसला होता. गेटाशेजारी दगड उभे केलेले. रशीदभाईंचं नाव शेवटी कोरायचं ठरलं होतं, भाभीसमोर. सगळी घरं जमली होती. पाथरवटाचं काम संपत आलं तेव्हा मला रस्त्याच्या पलीकडे सर दिसले. पत्र्याच्या कुंपणापलीकडे, बसस्टॉपच्या खांबाला धरून उभे होते. केवढे वाळले होते. मी बघितलं, तसं जमीलाभाभीनंही बघितलं. मला वाटलं, आता काही खरं नाही. ती मला म्हणाली, त्यांना बोलवा.

मी रस्ता ओलांडून गेले. ते येईनात. म्हणाले, "तिथं माझं काय काम हाय, स्मिताबाई." मी म्हटलं, भाभीनं बोलावलंय. मग मात्र निमूट निघाले.

लोकांनी वाट दिली. भाभी दगडापाशी उभी होती, शेजारी तिची मुलगी, आता कॉलेजात जाणारी. भाभीनं सरांना नमस्कार केला नाही. दगडाकडे बोट दाखवून म्हणाली, "वाचा."

सरांनी चष्मा लावला आणि पुटपुटल्यासारखं वाचलं.

"मोठ्यानं. सहा वर्षं लोकांनी हे नाव मोठ्यानंच घेतलं."

"रशीद करीम मुल्ला," सर म्हणाले. आवाज फुटला, पण शेवटच्या माणसापर्यंत गेला.

"परत."

त्यांनी परत वाचलं. तिनं तिसऱ्यांदा वाचायला लावलं. गायकवाडमामा खाली बघत होते. मुलगी मात्र सरांच्या तोंडाकडे बघत होती, एकटक. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर भाभीनं ओढणी सारखी केली. तिनं माफ केलं नाही, तसं कुणी समजू नये.

"दर वर्षी ह्या दिवशी यायचं," ती म्हणाली. "मी असले नसले तरी. माझी पोरगी इथं उभी राहील, तिला वाचून दाखवायचं."

सर त्या मुलीकडे वळले. तिच्याकडे बघून 'व्हय' म्हणाले आणि हात जोडायला गेले, पण तोवर तिनं मान फिरवली होती. ते आले तसे गर्दीतून बाहेर गेले.